शाळा बंद, भिंती चालू: घरातल्या शाळेचा इतिहास

हेडफोन लावलेत ना? मग चला, आज थेट १९३७ सालच्या शिकागोला जाऊ.

सप्टेंबर महिना. उन्हाळ्याची सुट्टी संपलीय, पण शहरात पोलिओची साथ आहे. लस नाही. ती यायला १९५५ साल उजाडावं लागलं. शाळा उघडणं पुढे ढकललं गेलं आणि तिसरी ते आठवीची तीन लाखांहून जास्त मुलं घरीच राहिली. मग तिथल्या शिक्षण खात्याने रेडिओवाल्यांना गाठलं. स्थानिक स्टेशनांनी फुकट वेळ दिला. पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे, एक दिवस विज्ञान आणि समाजशास्त्र, दुसऱ्या दिवशी इंग्रजी आणि गणित. त्या दिवसाचं वेळापत्रक आणि प्रश्न वर्तमानपत्रात छापून यायचे. पालकांसाठी फोन लाइन होती. पहिल्याच दिवशी तिच्यावर हजाराहून जास्त कॉल आले.

तक्रारी काय होत्या, माहितीये? काही भागांत नीट ऐकू येत नाही. काही घरांत रेडिओच नाही. ऐकताना मुलाला शंका आली तर विचारायचं कोणाला? ओळखीचं वाटतंय ना? तीन आठवड्यांच्या आत शाळा उघडल्या आणि लोक हे सगळं विसरून गेले.

आता येऊ आपल्याकडे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. शिकागोला जे तीन आठवड्यांसाठी करावं लागलं, ते आपल्याला पहिली ते चौथीच्या पोरांसाठी वीस महिने करावं लागलं. ग्रामीण भागात हे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला भरले, काही मोठ्या शहरांत त्याच्याही दोन आठवडे नंतर. म्हणजे जून २०२० मध्ये जे पोर पहिलीत गेलं, त्याने वर्गाचा फळा पाहिला तो थेट दुसरीचं अर्धं वर्ष सरल्यावर. एवढ्या काळात अक्षरओळख कोणी करून द्यायची?

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे मला हा प्रश्न आधी नेटवर्कचाच वाटतो. घरात फोन एक, तो बाबांसोबत कामावर जाणार. डेटा पॅक दीड जीबी. भावंडं तीन. यात व्हिडिओ कॉलवर वर्ग भरवणं म्हणजे एकाच नळावर अख्ख्या वाडीने एकदम हंडे लावण्यासारखं. 'असर'ने सप्टेंबर २०२० मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात फोनवरून सर्वेक्षण केलं. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होतं. पण त्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी साहित्य मिळालेली मुलं होती जेमतेम एक तृतीयांश. फोन घरात आला, पण शाळा काही त्यातून घरात आली नाही.

मग ज्यांनी खरंच डोकं लावलं, त्यांनी काय केलं? त्यांनी फोनवरचा भार कमी केला.

सोलापूरचं नीलमनगर घ्या. कामगारवस्ती. बऱ्याच घरांत स्मार्टफोन नाही. तिथल्या शिक्षकांनी सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुळाक्षरं, आकडे, आकृत्या, सूत्रं, सगळं रस्त्यावर. दूध आणायला निघालेलं पोर वाटेत थांबून पाढा वाचणार. चार्जिंग नको, रेंज नको आणि भिंत कधी हँग होत नाही!

तिकडे पालघर जिल्ह्यात 'बोलकी शाळा' सुरू झाली. दिगंत स्वराज फाउंडेशनच्या लोकांनी रेकॉर्ड केलेले धडे लाउडस्पीकरवर लावले. सहा गावांतली हजारभर मुलं अंतर राखून बसायची आणि ऐकायची. तत्त्व शिकागोचंच, फक्त रेडिओच्या जागी स्पीकर.

आणि मग आली 'टिलीमिली'. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेचे ६० भाग, एकूण ४८०. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची निर्मिती. यात वर्ग आणि फळा टीव्हीवर आणून बसवला नव्हता. घरात आणि अंगणात जे आहे, त्यातूनच मुलांनी आणि पालकांनी मिळून करायच्या कृती होत्या. मला हा सगळ्यात मोठा फरक वाटतो. पीडीएफ पाठवणारा शिक्षक मुलाला सांगतो, 'हे वाच'. कृती देणारा शिक्षक सांगतो, 'हे करून बघ, मग मला सांग'.

याचा पुरावा मी घरीच पाहिलाय. लॉकडाउनमध्ये मी गावाकडून वर्क फ्रॉम होम करत होतो. पुतणी दुसरीत. तिच्या बाईंनी एक व्हॉइस नोट पाठवली: घरातल्या पाच वस्तू वितीने मोजा, मग घरातल्या मोठ्या माणसालाही मोजायला सांगा. बस, एवढंच. पोरीने पाट मोजला, चार विती. आजीने मोजला, तीनही भरेनात. ही रुसली. "काका, मग बरोबर कोणाचं?" आता बघा, मीटरपट्टी जगात का आली, तो प्रश्न सात वर्षांच्या पोरीने पाटावर बसून विचारला. सात सेकंदांची ऑडिओ फाइल होती ती, अगदी टू-जीवरसुद्धा गेली असती.

पण इथे थोडं थांबू, कारण नुसतं कौतुक केलं तर इतिहास अर्धाच राहतो. त्या कृतीला आजी लागली. दुपारी रिकामी असलेली, पाटाशी बसायला तयार असलेली आजी. ज्या घरात दोघंही मजुरीला जातात आणि मोठी बहीणच धाकट्याला सांभाळते, तिथे वितीचा तो प्रश्न विचारायचा कोणाला? सगळ्या घरच्या शाळांची मेख हीच आहे: शिक्षक दूर गेला की त्याचं काम घरातल्या कुणावर तरी पडतं, आणि ते 'कुणी तरी' प्रत्येक घरात नसतं.

आकडेही तेच सांगतात. 'असर'नुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतात तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. २०२२ मध्ये ती उरली २०.५ टक्के. भिंती, भोंगे, मालिका, सगळं असूनही.

मग हे प्रयोग फुकट गेले का? मला तसं वाटत नाही. त्यांच्याविना ही घसरण किती झाली असती, हे मोजायला कुठलीच पट्टी नाही. शिकागोकडून शिकायचं ते याच ठिकाणी. त्यांच्याकडे चालू शकलेली एक पद्धत होती, पण शाळा उघडल्यावर ती कोणी जपून ठेवली नाही. आपण तरी ठेवूया. पूर येतो, साथ येते, शाळेचं छप्पर उडतं. शाळा पुन्हा कधी ना कधी बंद पडणारच. तेव्हा नवं ॲप शोधण्याआधी बाईंची ती सात सेकंदांची व्हॉइस नोट हाताशी असलेली बरी. आणि ज्या घरात आजी नाही, तिथे जाऊन बसायला गल्लीतला एखादा कॉलेजचा पोरगा तयार असलेला आणखी बरा. तो तुमच्यापैकीच कोणीतरी असू शकतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर घरातल्या लहानग्याला विचारा, "तुझी वीत केवढी?"