२६ सप्टेंबर १९५६ : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे देहावसान

बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान चालविणारे, आणि पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकानजीक दिलेल्या, निवडुंगाने व्यापलेल्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९५६ साली या दिवशी निवर्तले. लोखंडी फाळाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी शेतकरी प्रथम त्यांनी बनविलेला लोखंडी नांगर शिवारात आणावयास धजत नसत. पुढे त्याच नांगराने त्यांचे नाव घरोघर पोहोचविले. परंतु वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास सक्त मनाई करणारे, आणि शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगारांवर पूर्ण भिस्त ठेवून रात्रीचा पहारा त्यांच्याच हवाली करणारे वाडीचे हे कुटुंबप्रमुख, आम्हांस त्या यशस्वी कारखानदाराहूनही अधिक वंदनीय वाटतात.