एका बेअरिंगची हकीकत

यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा वेगावर आणि शर्यतींवर खिळलेली असते. तो वेग ज्या लहानसहान भागांच्या आधारावर उभा असतो, त्यांची दखल ते मोडल्यावाचून कोणी घेत नाही. पोर्श मोटारीच्या एंजिनातील एका बेअरिंगची हकीकत या दृष्टीने आम्हांस उद्बोधक वाटते.

१९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोर्शने जी मोटार मांडली, ती पुढे ९११ या नावाने विख्यात झाली. तिच्या हवेने थंड होणाऱ्या एंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे पोहोचविणारा एक मधला दंड असे. हा दंड साध्या बेअरिंगांत, दाबाने येणाऱ्या तेलाच्या पातळ थरावर फिरे. १९९० नंतर कंपनीची विक्री घसरली आणि काटकसर अटळ झाली. १९९६ ची बॉक्सस्टर आणि तिच्या मागोमाग आलेली नवी ९११ या दोन मोटारींत अनेक भाग समाईक ठेवण्यात आले. एंजिन पाण्याने थंड होणारे झाले. मधला दंड राहिला. परंतु त्याच्या एका टोकास आता गोळ्यांचे, आत वंगण भरून दोन्ही बाजूंनी बंद केलेले बेअरिंग आले.

दोषाचे मूळ या बंदिस्तपणात होते. बैलगाडीच्या आसाला वंगण वेळोवेळी घालावे लागते, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरासही ठाऊक असते. येथे ते एकदाच, कायमचे घातलेले. कालांतराने झाकण झिजे, एंजिनातील तेल आत झिरपून मूळचे वंगण धुऊन नेई. मात्र ताजे तेल पुरेसे खेळत नसे. मग गोळ्या झिजत, दंड डळमळे, साखळीचा मेळ चुके, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत आणि सबंध एंजिन निकामी होई. सर्वच मोटारींवर हा प्रसंग आला नाही; पण ज्यांवर आला, त्यांच्या मालकांस पूर्वसूचना क्वचितच मिळाली. त्याच काळच्या ९११ टर्बोत जुन्या वंशाचे एंजिन होते. तिला ही बाधा नव्हती.

प्रारंभी या बेअरिंगात गोळ्यांच्या दोन रांगा होत्या. २००० च्या सुमारास एकच राहिली, आणि ती अधिक दुबळी ठरली. २००५ च्या सुमारास कंपनीने मोठे बेअरिंग बसविले. २००८ साली आलेल्या नव्या एंजिनातून तर मधला दंडच काढून टाकला.

जुन्या मोटारींचे काय, हा प्रश्न मालकांपुढे उरला. कुशल कारागिरांनी क्लच व गिअरपेटी उतरवून बेअरिंग बदलण्याची रीत बसविली. कोणी चिनी मातीच्या जातीच्या कठीण पदार्थाच्या गोळ्यांचे, तेलास वाट मोकळी असलेले बेअरिंग घालतात. कोणी साधे बेअरिंग बसवून त्यास दाबाचे तेल पुरवितात. मोठ्या बेअरिंगाची गोष्ट निराळी. ते काढावयाचे तर एंजिनच उकलावे लागते.

चालते यंत्र उघडून न मोडलेला भाग काढणे अनेकांस पटत नाही. मूळ घडण जशीच्या तशी राखावी, असेही काही म्हणतात. आमचे मत असे की, मोटार चालण्यासाठी घडविलेली असते. एका भागापायी तिचे एंजिन भंगारात गेले, तर मूळपणाही त्याच्याबरोबरच जातो. शिवाय दाबाच्या तेलावरील साधे बेअरिंग ही या घराण्याचीच जुनी रीत होय. तिच्याकडे परतण्यास मूळ घडणीचा अवमान म्हणता येणार नाही.