वैमानिकांची धूळपाटी

ज्या धूळपाटीवर मनुष्य पहिले अक्षर गिरवितो, ती धूळपाटी सहसा कोणी जपून ठेवीत नाही. पुढे लिहिलेले ग्रंथ राहतात, मानपत्रे राहतात. धूळपाटी मात्र अडगळीत जाते. विमानविद्येच्या इतिहासातही हाच न्याय दिसून येतो. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ते चालविणारे बहुसंख्य तरुण ज्या विमानात बसून प्रथम जमिनीपासून सुटले, त्याची आठवण फारच थोड्यांना असते. ते विमान म्हणजे टायगर मॉथ. आठ हजारांहून अधिक संख्येने बांधले गेलेले हे विमान आज विरळा झाले आहे, आणि ज्यांच्यापाशी ते उडत्या स्थितीत आहे, त्यांना ते तसे राखण्यासाठी पुष्कळ कष्ट उपसावे लागतात. हे कष्ट कशासाठी घ्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या विमानाच्या चरित्रातच सापडते.

इंग्लंडमधील विमानकर्ते जेफ्री डी हॅविलँड यांना कीटकांचा, विशेषतः पतंगांचा, अभ्यास करण्याची आवड होती. १९२५ साली त्यांनी सामान्य माणसाला परवडेल असे एक हलके, दुपंखी विमान सिद्ध केले आणि त्याला पतंगाचेच, म्हणजे मॉथ हे नाव दिले. पुढे याच कुळातील जिप्सी मॉथ, पुस मॉथ, लेपर्ड मॉथ ही भावंडे जन्मास आली. भारतीय विमानविद्येचा श्रीगणेशा या घराण्यानेच केला, असे म्हणण्यास हरकत नाही. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी लावलेले पारितोषिक १९३० मध्ये अ‍ॅस्पी इंजिनिअर या तरुणाने जिप्सी मॉथ चालवून जिंकले. हेच गृहस्थ पुढे स्वतंत्र भारताच्या वायुसेनेचे प्रमुख झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तेही पुस मॉथमधूनच.

टायगर मॉथ हे या घराण्यातील शिपाईबाण्याचे अपत्य. लष्करी शिक्षणासाठी मॉथ वापरावयाचे, तर एक अडचण होती. दुपंखी विमानात पुढच्या बैठकीवर शिक्षक बसे. त्याच्या डोक्यावर वरच्या पंखाचा मधला भाग आणि पेट्रोलची टाकी, तर सभोवार खांब आणि तारा. प्रसंग ओढवला, तर पॅराशूटसह बाहेर पडणार कसे? यावर उपाय म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकविण्यात आला. पण पंख पुढे गेला की विमानाचा तोल बिघडतो. म्हणून पंखांची टोके मागे झुकविण्यात आली. टायगर मॉथच्या पंखांना जो डौलदार मागचा कल दिसतो, तो सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही. एका माणसाला जीव वाचविता यावा, या विचारातून तो आला आहे. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी या विमानाने पहिले उड्डाण केले.

त्याची घडण आजच्या दृष्टीने अगदी साधी. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडाचे, आणि या सर्वांवर ताणून बसविलेले, रोगण दिलेले कापड. पुढे १३० अश्वशक्तीचे चार नळकांड्यांचे इंजिन. ही नळकांडी खाली तोंड करून बसविलेली, म्हणजे वैमानिकाला समोरचे थोडे अधिक दिसावे. विमान आपोआप सुरू करण्याची सोय नाही; जमिनीवरच्या मनुष्याने पंखा हाताने फिरवावयाचा. चाकांना ब्रेक नाहीत. शेपटीखालची पट्टी गवतात घासत जाते, तोच काय तो आवर. टाकीत किती पेट्रोल उरले, हे टाकीवरच्या काचेच्या नळीत वरखाली होणाऱ्या तरंगत्या खुणेवरून ओळखावयाचे. शिक्षक आणि शिष्य यांचे संभाषण चाले एका नळीतून: शिक्षक पुढून बोले आणि मागे बसलेल्या शिष्याच्या टोपीतील कानांपर्यंत ते शब्द पोहोचत. तोल सांभाळण्यासाठी एकट्या वैमानिकानेही मागेच बसावयाचे. त्यामुळे ज्या दिवशी शिष्य प्रथम एकटा उडे, त्या दिवशी पुढची रिकामी बैठक त्याच्या नजरेसमोर असे.

ताशी सुमारे ९० मैलांच्या वेगाने जाणारे हे विमान चालविण्यास सोपे, परंतु उत्तम चालविण्यास कठीण, अशी त्याची ख्याती आहे. त्याच्या दांड्यावरचा हात किंचित आळसावला की वळण घेताना विमान बाजूला घसरते. उतरताना अंदाज चुकला की ते बेडकासारखे उड्या मारते. पण या चुकांची शिक्षा बहुधा सौम्य असे. चूक लपू न देणारा आणि तरीही शिष्याचा सर्वनाश न करणारा, असा हा गुरू होता. म्हणूनच महायुद्धात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथील हजारो तरुणांना त्याच्या हवाली करण्यात आले. आपल्याकडे हैदराबादेजवळील बेगमपेट आणि जोधपूर येथील प्राथमिक उड्डाणशाळांत भारतीय वायुसेनेच्या कितीतरी वैमानिकांनी याच धूळपाटीवर अक्षरे गिरविली. मनुष्यावाचून, बिनतारी संदेशांनी उडविता येईल असा त्याचा एक प्रकारही तोफखान्याला नेमबाजीसाठी लक्ष्य म्हणून बनविण्यात आला होता. त्याचे नाव क्वीन बी, म्हणजे राणी माशी. आज सर्वतोमुखी झालेला ‘ड्रोन’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला, असे मानले जाते.

युद्ध संपले आणि गुरूची गरज सरली. शेकडो टायगर मॉथ स्वस्तात विकले गेले. काही उड्डाणसंस्थांकडे गेले. न्यूझीलंडमध्ये पुढची बैठक काढून तेथे खताची पेटी बसविण्यात आली आणि डोंगरउतारांवरच्या कुरणांवर त्यांतून खत फवारले जाऊ लागले. काहींना चित्रपटांत दुसऱ्याच विमानांची सोंगे घ्यावी लागली. कित्येक मोडले, कित्येक जाळण्यात आले. विपुल असलेली वस्तू कोणी जपत नाही, आणि तिची किंमत कळते तेव्हा ती दुर्मिळ झालेली असते. पुढे इंग्लंडमध्ये १९५६ साली टायगर क्लब आणि १९७५ साली डी हॅविलँड मॉथ क्लब स्थापन झाले, तेव्हा कुठे उरलेल्यांना आश्रय मिळाला.

असे विमान बाळगणे म्हणजे घोडा बाळगण्यासारखे आहे. मोटार बाळगण्यासारखे नाही. मोटार कुलूप लावून ठेवता येते. टायगर मॉथची रोज विचारपूस करावी लागते. उन्हाने कापड कुजते, दमटपणाने लाकूड आणि सरसाचे सांधे सैल पडतात, पंखांच्या तारांचा ताण कमीजास्त होतो. त्याचे पंख दुमडत नाहीत, म्हणून त्याला प्रशस्त छप्पर लागते. ठरावीक काळाने कापड उतरवून आतील प्रत्येक पट्टी आणि सांधा तपासावा लागतो. याखेरीज कागदपत्रांचे एक स्वतंत्र विश्व असते. प्रत्येक उड्डाणाची, प्रत्येक दुरुस्तीची, बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद वहीत हवी. ती नसेल, तर धडधाकट विमानालाही आकाशाचे दार बंद. पुष्कळांना हा निव्वळ जाच वाटतो. परंतु जुन्या विमानाच्या बाबतीत ही नोंदवही म्हणजे त्याची वंशावळच होय. ते कोणत्या शाळेत होते, केव्हा मोडले, कोणी सांधले, हे तिच्यावाचून कोण सांगणार?

येथे एक आक्षेप उभा राहतो. कापड नवे, पट्ट्या नव्या, इंजिनाचे भाग नवे. मग हे तेच विमान कशावरून? आणि प्रत्येक उड्डाणाबरोबर ही दुर्मिळ वस्तू कायमची गमावण्याचा धोका असताना ती संग्रहालयात सुखरूप का ठेवू नये? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुनी विमाने अपघातात नष्ट झाल्याची उदाहरणे आहेत. काही नमुने मूळ स्थितीत, न उडविता जपले पाहिजेत, हे निर्विवाद. पण देवळाचा जीर्णोद्धार झाला, म्हणून देऊळ परके होत नाही. तेथील पूजा खंडली, तर मात्र दगड तेच असूनही देऊळ ओस पडते. उडत्या विमानाबरोबर केवळ लाकूड आणि कापड टिकत नाही. कापड शिवणारा, सांधा जुळविणारा, तारांचा ताण बोटांनी ओळखणारा, पंखा फिरविणारा आणि ब्रेक नसलेले यंत्र वाऱ्याच्या रोखाने गवतावर उतरविणारा, अशा अनेकांची विद्या टिकते. ही विद्या काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. एक पिढी जरी खंड पडला, तरी ती पुस्तकांतून पुरती परत मिळत नाही.

हा खंड किती महाग पडतो, याचा प्रत्यय आपल्या देशालाही आला आहे. ८ ऑक्टोबर २०१२ रोजी, वायुसेनेच्या ऐंशीव्या वर्धापनदिनी, हिंडनच्या आकाशात टायगर मॉथ पुन्हा उडाले आणि जमलेल्यांनी त्याचे कौतुक केले. ज्या देशात हे विमान एके काळी उड्डाणसंस्थांच्या अंगणात नित्य दिसे, तेथे ते पुन्हा उडते करण्यासाठी त्याची डागडुजी ब्रिटनमध्ये करवून घ्यावी लागली, ही गोष्ट मात्र त्या आनंदात विसरता येणार नाही.

टायगर मॉथची जागा आपल्याकडे ज्याने घेतली, ते एचटी-२ हे विमान तर पूर्णपणे आपले होते. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्याचा आराखडा तयार झाला आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. दीडशेहून अधिक एचटी-२ बांधली गेली. काही घाना देशालाही देण्यात आली. स्वतंत्र भारताच्या वैमानिकांच्या पिढ्यांची ही धूळपाटी. तिचे काही नमुने आज प्रदर्शनात उभे आहेत, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्यांनी ती बांधली, सांधली आणि उडविली, ते हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. टायगर मॉथसाठी परदेशी कारागिराकडे तरी जाता आले. एचटी-२ साठी जाण्यास दुसरे घर नाही. ते जपावयाचे, तर आपल्यालाच जपावे लागेल, आणि ती विद्या जाणणारे हयात आहेत तोवरच जपावे लागेल.