भरतपूरचा दगड आणि सहाशेची लेन्स

आग्र्याला पोस्टिंग होतं तेव्हाची गोष्ट. रविवारी ड्यूटी नसली की पहाटे चारला उठायचं, मोटारसायकल काढायची आणि पंचावन्न-साठ किलोमीटरवरच्या भरतपूरला उजाडायच्या आत पोचायचं, हा त्या हिवाळ्यातला माझा नेम होता. पाठीवर सहाशे मिलिमीटरची लेन्स. ती घेतली तेव्हा घरी फोनवर बायकोने किंमत विचारली होती आणि मी निम्मी सांगितली होती.

केवलादेव अभयारण्याच्या मधोमध महादेवाचं देऊळ आहे. त्याच्या जवळ लाल दगडाच्या शिळा आहेत. पहिल्यांदा बघितल्यावर मला ते युद्धस्मारक वाटलं. आपल्या रेजिमेंटल सेंटरमध्ये असतात तशाच तारखा, नावं, आकडे. वाचायला लागलो तेव्हा कळलं की तो शिकारीचा हिशेब आहे. १९०२ पासूनच्या ओळी. तारीख, कोण पाहुणा, किती बंदुका, किती पक्षी. त्यातली एक ओळ १२ नोव्हेंबर १९३८ ची आहे, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीची. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

आकडा मी दोनदा वाचला. फायरिंग रेंजवर मी आयुष्यात किती राउंड मोजले असतील, त्यामुळे मनात लगेच गणित सुरू झालं. एवढे पक्षी पडायला किती काडतुसं उडाली असतील, किती माणसं नुसती भरून द्यायला उभी असतील. त्या दगडापाशी उभा राहून मी खांद्यावरच्या लेन्सकडे बघितलं. लांब, काळी, खांद्याला टेकवायची. बोट जिथे जातं तिथे बटण. इंग्रजीत दोन्हीला शूट करणंच म्हणतात. हे साम्य नुसतं शब्दाचं नाही, त्याला खराखुरा इतिहास आहे. या लेखात तोच सांगायचा आहे.

उडणाऱ्या पक्ष्याचा फोटो काढायचं पहिलं चांगलं यंत्र खरोखरच बंदूक होती. एतियेन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. पंख हवेत नेमके कसे हलतात हे त्याला मोजायचं होतं आणि माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही. १८७४ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकला तेव्हा जान्सेन या खगोलशास्त्रज्ञाने एकामागून एक फोटो घेणारं ‘फोटो-रिव्हॉल्व्हर’ बनवलं होतं. मारेने ती कल्पना उचलली आणि १८८२ साली फोटोची रायफल तयार केली. दस्ता लाकडी, नळीत लेन्स, मागे गोल फिरणारी काच. चाप ओढला की सेकंदाला बारा फोटो, आणि प्रत्येक फोटोला वेळ सेकंदाचा ७२० वा भाग. नेपल्सच्या किनाऱ्यावर तो ती घेऊन पक्ष्यांवर नेम धरायचा. पक्षी मात्र उडत उडत पुढे जायचे.

लांबच्या लेन्सची सोय त्यानंतर आली. १८९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डॅलमेयर आणि जर्मनीत स्टाइनहाइल व मीथ यांनी स्वतंत्रपणे टेलिफोटो लेन्स आणली. पुढे बहिर्गोल भिंगं आणि मागे अंतर्गोल, त्यामुळे लेन्सची लांबी तिच्या फोकल लेंग्थपेक्षा कमी ठेवता येते. ही युक्ती नसती तर माझी सहाशेची लेन्स आहे त्याहून बरीच लांब झाली असती. पण त्या काळच्या लेन्स अंधाऱ्या आणि प्लेट मंद. म्हणून सुरुवातीचे पक्षी-छायाचित्रकार, इंग्लंडचे कीर्टन बंधू वगैरे, घरट्याशी लपून बसायचे. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चँपियन या वनअधिकाऱ्याने वाघाच्या वाटेवर तार लावून रात्री फ्लॅशवर वाघाचे फोटो घेतले, त्याचं पुस्तक १९२७ साली आलं. उडत्या जिवाचा मागावर राहून फोटो ही पुढची पायरी होती.

दरम्यान पहिलं महायुद्ध लागलं, आणि कॅमेऱ्याची बंदूक आमच्या लोकांच्या हातात आली. विमानातल्या गनरला हवेत हलत्या विमानावर नेम धरायला शिकवायचं कसं? खरी गोळी झाडता येत नाही. म्हणून थॉर्नटन-पिकार्ड कंपनीने हुबेहूब लुइस गनसारखा दिसणारा कॅमेरा बनवला. इंग्लंडमधल्या हाइथच्या मस्केट्री स्कूलवरून त्याला हाइथ गन कॅमेरा म्हणतात. चाप ओढला की गोळीऐवजी एक फोटो. फोटोवर वर्तुळांची जाळी उमटायची, त्यावरून उस्ताद सांगायचा की तुझी गोळी शेपटीमागून गेली असती. दुसऱ्या महायुद्धात कॅमेरा खऱ्या तोफेसोबतच विमानात बसला. तोफ सुरू झाली की फिल्म सुरू.

आपल्या सैन्याच्या इतिहासातही असा एक प्रसंग आहे. २२ नोव्हेंबर १९७१, बोयरा. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर सेबर विमानांना आपल्या २२ स्क्वाड्रनच्या चार नॅट विमानांनी गाठलं. मॅसी, गणपती, लाझरस आणि सोरेस हे ते चार वैमानिक. काही मिनिटांचा खेळ. नॅटच्या गन कॅमेऱ्यात टिपलेली सेबरची चित्रं पुढे वर्तमानपत्रांत छापून आली. चकमकीच्या धुंदीत माणूस तीन पाडली म्हणतो तिथे दोन पडलेली असतात. इथेही तसंच झालं, दावा तीनचा होता, तिसरं जखमी होऊन परत गेलं. म्हणून तर गन कॅमेरा लागतो. पडलेल्या विमानांचे दोन वैमानिक पॅराशूटने आपल्या हद्दीत उतरले. त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

आता थोडं गणित, कारण याबद्दल मला मेसेजमध्ये सगळ्यात जास्त विचारतात. सहाशेच्या लेन्समधून पन्नास मीटरवर जेमतेम तीन मीटर रुंदीची जागा दिसते. तलवार बदक ताशी साठ किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला सुमारे सतरा मीटर. म्हणजे कॅमेरा स्थिर धरला तर ते सेकंदाच्या पाचव्या भागात चौकटीतून पसार. येलहंक्याच्या एअरो इंडियाला ताशी आठशे किलोमीटरने जाणारं विमान अर्ध्या किलोमीटरवरून गेलं, तर तिथे चौकट तीस मीटरची, आणि तेही जवळजवळ तेवढ्याच वेळात पसार होतं. लेन्सला जवळचं बदक आणि लांबचं जेट सारखंच. बदकावर हात बसला की विमानावर आपोआप बसतो.

हात बसवायचा कसा, ते मला रेंजवर आमच्या सुभेदार साहेबांनी शिकवलं होतं, फक्त ते रायफलबद्दल बोलत होते. कोपर अंगाशी. श्वास अर्धा सोडून थांब. चाप ओढायचा नाही, दाबायचा. आणि झाडल्यावर हत्यार लगेच खाली आणायचं नाही. पक्ष्याच्या मागे लेन्स फिरवत राहायचं, बटण दाबून झाल्यावरही फिरवत राहायचं. शटर पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान. हेलिकॉप्टरला मात्र १/१२५ च्या आसपास, नाहीतर पंखा गोठतो आणि हेलिकॉप्टर खुंटीला टांगल्यासारखं दिसतं. दुपारी फोटो काढू नका. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, त्यापुढे कितीही महाग लेन्स हरते. आणि लष्करी तळावर कॅमेरा काढायचा नाही, हे मी सांगायला नको.

हे सगळं मला येत होतं. तरी त्या हिवाळ्यात मला हवा तो फोटो मिळेना. पट्टकादंब हंसांचा थवा, पाण्यावरून एकदम उठताना, सोनेरी उजेडात. हंस बांधावर बसलेले असायचे, पण ते उठायचेच नाहीत. केवलादेवला तेव्हा सायकल रिक्षावाले गाइडचं काम करायचे. माझे नेहमीचे सरदारजी वयाने वडिलांसारखे, मी त्यांना बाबाजी म्हणायचो. एका सकाळी उजेड अगदी मनासारखा होता. मी म्हटलं, बाबाजी, जरा जोरात टाळी वाजवा ना.

ते रिक्षाच्या दांड्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “फौजी साहब, पहाड़ पार करके आए हैं. थोड़ा आराम करने दो.”

मी गप्प बसलो. लडाखला असताना त्सो मोरिरीच्या काठावर हेच हंस मी पिल्लं घेऊन फिरताना बघितले होते. त्या उंचीवर चार पावलं चालल्यावर आपल्याला काय होतं ते मला माहीत होतं. लाँग पेट्रोलवरून आलेल्या जवानाला फोटोसाठी पुन्हा फॉलइन करायला लावलं असतं का मी? खरं सांगायचं तर आधीच्या दोन ठिकाणी मी स्वतः टाळ्या वाजवलेल्या आहेत. ते फोटो लोकांना आवडलेही होते. नंतर ते मी काढून टाकले.

सलीम अली लहानपणी मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचे. एकदा गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी पडली, ती कुठली हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि आयुष्य बदललं. याच भरतपूरला त्यांनी पुढे पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या आणि हे पाणथळ वाचावं म्हणून धडपड केली. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. पण साठच्या दशकात इथे दोनशेच्या आसपास येणारे सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर आलेच नाहीत. वाटेत शिकार, पाणथळ आटलेली. आज जगातली सगळ्यात महाग लेन्स घेऊन बांधावर बसलात तरी तो फोटो मिळणार नाही.

त्या दिवशी आम्ही बांधावर अडीच तास बसलो. बाबाजींनी थर्मासमधला चहा दिला. उजेड पांढरा पडला, हंस झोपूनच राहिले. शेवटी वरून एक गरुड गेला आणि सगळा थवा आपणहून उठला. उजेड कडक होता, पाण्यावर झगझगाट होता, चाळीस फोटोंतले दोन बरे आले. त्यातला एक आमच्या बराकीत लावला आहे. कुणी विचारलं तर मी तारीख सांगतो आणि म्हणतो, एक कॅमेरा, पक्षी शून्य.