विषाणुजन्य न्यूमोनियातील फुप्फुसी बुरशीसंसर्ग

इन्फ्लुएंझा, कोविड-19 अशा विषाणुजन्य न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात बुरशीची आक्रमक वाढ होणे (पहा : कवकसंसर्ग, न्यूमोनिया).

विषाणू श्वासमार्गाचे अस्तर नष्ट करतो, स्टेरॉइडांनी प्रतिकारशक्ती दबते आणि एरवी निरुपद्रवी ठरणारे हवेतील बीजाणू ऊतीत रुजतात. मुख्य कारण ॲस्परजिलस फ्युमिगेटस. म्यूकरवर्गीय बुरशी विरळ, पण अनियंत्रित मधुमेहात अतिशय घातक (पहा : मधुमेह).

ताप, रक्तमिश्रित थुंकी, ऑक्सिजनची वाढती गरज ही लक्षणे मूळ आजारात मिसळून जातात, म्हणून निदान लांबते. फुप्फुस धुऊन घेतलेल्या द्रवात गॅलॅक्टोमॅनन (ॲस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतील शर्करा) तपासतात. म्यूकरसाठी ती चाचणी निरुपयोगी. सूक्ष्मदर्शकाखाली ॲस्परजिलसचे तंतू अरुंद, पडदेयुक्त व लघुकोनात फुटलेले, तर म्यूकरचे रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदेरहित दिसतात. हा भेद वेळेत कळणे जीवनमरणाचा प्रश्न असतो : व्होरिकोनॅझोल हे औषध ॲस्परजिलसवर चालते, म्यूकरवर नाही. म्यूकरसाठी ॲम्फोटेरिसिन-बी आणि शक्य असल्यास शस्त्रक्रिया लागते.

2021 मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेत नागपूर-विदर्भात म्यूकरमायकोसिसचे (म्यूकरवर्गीय बुरशीच्या संसर्गाचे) रुग्ण वाढले. बहुतेकांत मात्र फुप्फुसाऐवजी नाक, सायनस व डोळे बाधित होते. ॲम्फोटेरिसिन-बीचा देशभर तुटवडा असताना मे 2021 मध्ये वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू झाले (पहा : प्रतिकवक औषधे).