तारांना पीळ कशासाठी?

शाळेतील संगणकांना जोडणारी केबल सोलून पाहिली, तर आत आठ बारीक तारा दिसतात. निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी अशा चार तारा, आणि प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी तार. जोडीतल्या दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. हा पीळ संगणकापेक्षा बराच जुना आहे.

सुरुवातीच्या दूरध्वनीला एकच तार असे. परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. त्यामुळे शेजारच्या तारायंत्राची कडकड आणि पुढे विजेच्या ट्रामगाड्यांची घरघर संभाषणात मिसळू लागली. यावर उपाय म्हणजे परतीसाठी दुसरी तार घेणे. पण दोन तारा समांतर असल्या, तर गोंगाटाच्या उगमाजवळच्या तारेत अधिक दाब प्रवर्तित होतो, लांबच्या तारेत कमी. १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दोन तारा पिळण्याच्या युक्तीचे अमेरिकेत पेटंट मिळाले. पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीने जवळ आणि लांब येतात, त्यामुळे गोंगाट दोघींत जवळजवळ सारखाच शिरतो. ऐकणारे यंत्र दोन तारांतील फरक तेवढा घेते. म्हणून गोंगाट वजा होतो, संदेश उरतो.

१९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ईथरनेटवर काम सुरू केले, तेव्हा मात्र वेगळी केबल निवडली गेली. सगळे संगणक एकाच लांब समाक्ष केबलवर जोडलेले असत. ती कुठे तुटली, की सगळेच अडत. आणि दोष शोधायला केबलीमागे टोकापर्यंत जावे लागे.

१९९० साली पिळाच्या तारांवरून सेकंदाला एक कोटी बिट पाठवण्याचे मानक आले. १९९१ साली अमेरिकेत इमारतीतील तारजोडणीचेही मानक निघाले. आता प्रत्येक टेबलाची केबल स्वतंत्रपणे एका कपाटाकडे जाऊ लागली, जशा घरोघरच्या दूरध्वनीच्या तारा एक्स्चेंजकडे जातात तशा. भिंतीतील केबल जास्तीत जास्त ९० मीटर, दोन्ही टोकांच्या सुट्या दोऱ्या मिळून १० मीटर. एक केबल बिघडली, तर एकच टेबल बंद पडे.

आम्ही प्रयोगशाळेत एकदा स्वतःच केबल बनवली. दोन्ही टोकांना जोड्या क्रमाने शेजारी शेजारी बसवल्या. दिव्याच्या तपासणीत आठही तारा उत्तीर्ण झाल्या, पण संगणकांचे संभाषण सतत तुटत राहिले. दिवसभराने चूक उमगली. या जोडणीत तिसरा आणि सहावा खिळा मिळून एक जोडी मानली जाते. आम्ही तेथे दोन वेगळ्या जोड्यांतील तारा घातल्या होत्या. प्रत्येक तार अखंड होती, पण जोडी फुटली होती, आणि पिळाचा उपयोग संपला होता. टोकाशी पीळ साधारण १३ मिलिमीटरहून अधिक उलगडू नये, हा नियमही याच कारणाने आहे.

वर्गात दिवा आणि घट घेऊन आपण 'परिपथ पूर्ण झाला' असे शिकवतो. जुनी केबल मिळाली, तर ती मुलांना सोलायला द्यावी. चारही जोड्यांचे पीळ कमी-अधिक दाट असल्याचे त्यांना दिसेल. ते तसे का, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. शेजारच्या जोडीचे बोलणेही गोंगाटच असते, एवढी खूण पुरे.