साडेबारा टक्क्यांची इमारत

गेल्या हिवाळ्यात महिनाभर धाकट्याकडे उलव्याला राहून आलो. आमच्या हिंगोलीकडच्या मंडळींना उलवे कुठं ते सांगायला हवं. नवी मुंबईच्या दक्षिणेला, खाडीच्या काठी, ऑक्टोबर 2025 मध्ये ज्या विमानतळाचं उद्घाटन झालं त्याला अगदी लागून. सगळं नवं कोरं. रस्ते रुंद, झाडं खांद्याएवढी, आणि जिकडे पाहावं तिकडे इमारती.

पहिल्याच संध्याकाळी खाली फेरी मारायला गेलो. गेटवरच्या वॉचमनला सहज विचारलं, बाबा, ही इमारत कुणी बांधली? तो म्हणाला, "ही साडेबाराची बिल्डिंग आहे काका." मला वाटलं, रात्री साडेबाराला गेट बंद होतं असं काहीतरी तो सांगतोय! घरी येऊन मुलाला विचारलं तेव्हा तो आणि सूनबाई दोघंही हसले. साडेबारा म्हणजे साडेबारा टक्के. सिडकोनं ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांना त्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले. त्यातल्या एका भूखंडावर आमची इमारत उभी आहे. मूळ मालकानं बिल्डरशी करार केला, बिल्डरनं इमले चढवले, त्यातला एक फ्लॅट माझ्या मुलानं वीस वर्षांच्या कर्जावर घेतला.

मूळ मालक पहिल्या मजल्यावरच राहतात. सत्तरीच्या पुढचे, माझ्याच वयाचे गृहस्थ. सकाळी खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पेपर घेऊन बसतात. मी शिक्षक होतो हे कळल्यावर त्यांनी मला 'गुरुजी' म्हणायला सुरुवात केली आणि आमची गट्टी जमली. एकदा बोलता बोलता म्हणाले, "गुरुजी, ही लिफ्ट हाय ना, तिथं आमचा बांध व्हता. पलीकडं खाडी." मी लिफ्टकडे बघत राहिलो.

इमारतीत शिरल्यावर समोर गणपतीची तसबीर आहे आणि तिच्या शेजारी आणखी एक फोटो, दि. बा. पाटलांचा. मी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. 1930 च्या जंगल सत्याग्रहात बिळाशी, चिरनेर, पुसद ही नावं फळ्यावर कितीदा लिहिली असतील त्याला गणती नाही. पुसद तर आमच्या पैनगंगेच्या पलीकडचं. (आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे नदीच्या अलीकडे सगळंच वेगळं होतं. असो.) चिरनेर उरण तालुक्यात आहे, 25 सप्टेंबर 1930 ला तिथं गोळीबार झाला, आठ जण हुतात्मा झाले, हे मी पाठ सांगत असे. त्याच उरण तालुक्यात 1984 साली, मी नोकरीत असताना, पुन्हा शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. हे मात्र मी एकाही वर्गाला कधी सांगितलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं. आणि जे पुस्तकात नाही ते परीक्षेला नाही, या न्यायानं मीही नोकरी केली.

दि. बा. म्हणजे दिनकर बाळू पाटील. जन्म 13 जानेवारी 1926, गाव जासई, तालुका उरण. घर आगरी शेतकऱ्याचं. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच या समाजाचं नाव पडलं असं सांगतात. खाडीला मातीचा बांध घालायचा, भरतीचं खारं पाणी अडवायचं, आत भात पिकवायचा किंवा मीठ, ही तिथली शेती. बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी त्यातून बाहेर जातं, भरती आली की ते आपोआप मिटतं. बांध फुटला की शेत खारं झालंच, मग पुढे काही वर्षं तिथं पीक धरत नाही. त्यामुळे बांधाची राखण सगळ्या गावानं मिळून करायची. आपल्याकडे काळ्या जमिनीत ज्याचा तो राजा असतो, तसं तिथं चालत नाही. मला वाटतं तिथल्या चळवळी इतक्या एकजुटीच्या का झाल्या, याचं थोडंफार उत्तर त्या बांधात असावं. शिवाय जवळच अलिबाग तालुक्यातलं चरी. 1933 ते 1939 अशी सहा वर्षं तिथल्या कुळांनी खोतांच्या विरोधात जमीन कसायचीच नाही असा संप केला होता. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी, आणि डॉ. आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा होता. संप करणारे शेतकरी जगात फार सापडायचे नाहीत!

या मुलखात दि. बा. वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात गेले. पनवेलमधून पाच वेळा आमदार, 1977 आणि 1984 साली कुलाब्यातून खासदार, 1972 च्या विधानसभेत विरोधी पक्षनेते. एवढी पदं सांगून हा परिच्छेद मी संपवतो, कारण पदं पुष्कळांना मिळतात.

17 मार्च 1970 ला सिडकोची स्थापना झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची म्हणून ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवली गेली. भूसंपादनाचा कायदा 1894 चा, म्हणजे इंग्रजांचा. त्यात शेतकऱ्यानं एवढंच करायचं की नोटीस घ्यायची, ताबा द्यायचा, रक्कम मोजून घ्यायची आणि अंगठा उठवायचा. उद्या त्याच जमिनीवर रस्ता, वीज आणि गटार आलं, तिचा भाव शंभर पटीनं वाढला, तरी त्या वाढीत त्याचा पैचाही वाटा नाही. पुढे न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावांचं बंदर यायचं ठरलं आणि त्यासाठीही जमिनी जाऊ लागल्या.

16 आणि 17 जानेवारी 1984 ला शेतकरी ताब्याच्या विरोधात रस्त्यावर उतरले. बायाबापड्यांसकट. पहिल्या दिवशी जासईजवळ दास्तान फाट्याला, दुसऱ्या दिवशी नवघर फाट्याला पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच शेतकरी गेले. त्या वेळी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते, म्हणजे स्वतः शेतकऱ्यांतून आलेला माणूस. आमचे पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ तेव्हा ऐन उमेदीत होते. त्या दोन दिवसांबद्दल मी विचारलं तर त्यांनी फक्त पेपरची घडी केली आणि म्हणाले, "जासईला जाऊन या." मी रिक्षा करून गेलो. तिथं हुतात्म्यांचं स्मारक आहे, दर वर्षी जानेवारीत लोक जमतात. मी गेलो त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. रस्त्यावरून बंदराकडे जाणारे कंटेनर मात्र एकामागून एक चालले होते.

दि. बां.ची मागणी नुसती "भाव वाढवून द्या" एवढीच राहिली असती तर ते अनेक पुढाऱ्यांपैकी एक झाले असते. "जमीन घेताय, तर ती विकसित झाल्यावर तिचा एक हिस्सा आम्हाला परत द्या" हे त्या लढ्याचं वेगळेपण. शेतकरी विकणारा नाही, भागीदार. मुळशीत 1921 साली सेनापती बापटांबरोबर मावळे धरणच नको म्हणून उभे राहिले आणि हरले. इथं शहर येऊ नये असा हट्ट नव्हता. ते येणारच आहे तर त्यात आमचा वाटा लिहून द्या, असं म्हणणं होतं. 1990 साली सरकारी निर्णय निघाला, 1994 साली त्यात सुधारणा झाली, आणि साडेबारा टक्के हा शब्द त्या भागात लग्नाच्या बैठकीतही ऐकू येऊ लागला.

आता जरा मास्तरकी करतो. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. पण त्यातून शाळा, बाग वगैरे सोयींसाठी पावणेचार टक्के कापले जातात. उरले पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. ज्याची एकरभर जमीन गेली त्याच्या हाती साडेतीन गुंठे, आणि चार भाऊ असतील तर प्रत्येकाला पाऊण गुंठ्याच्या थोडं वर. हे मी त्या गृहस्थांसमोर पेपरच्या कोऱ्या कडेवर मांडलं. ते म्हणाले, "हिशोब बरोबर हाय गुरुजी. पण शून्याला चारनं भागा की."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सांगतो का ते.

साठच्या दशकात पूर्णा प्रकल्प झाला. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. सिद्धेश्वरच्या पाण्याखाली आमची अकरा एकर जमीन गेली, आणि गावही. मी तेव्हा शाळकरी पोर. आजोबांना मोबदला मिळाला. किती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांना नीट कळलंही नसावं. कागदावर काय लिहिलं होतं ते वाचणारा घरात कुणी नव्हता आणि वाचून दाखवणाऱ्यानं किती वाचलं देव जाणे. त्या पैशात दोन आत्यांची लग्नं झाली, एक बैलजोडी आली, आणि ते संपले. बैलजोडी आली तेव्हा तिला चालवायला शेत नव्हतं, यावर आजी पुढे वीस वर्षं हसत असे आणि आजोबा उठून बाहेर जात. धरणाचं पाणी कालव्यानं वसमतकडे गेलं, परभणीकडे गेलं. वसमत भागातल्या शेतांत केळी आणि हळद उभी राहिली. चांगलंच झालं. मी स्वतः पुढे त्याच कालव्याच्या काठच्या शाळेत नऊ वर्षं नोकरी केली, ते पाणी प्यालो. वर्गातली बागायतदारांची पोरं इस्त्रीचे कपडे घालून यायची. त्यांचा त्यात काय दोष?

माझे चुलतभाऊ यावर म्हणतात, अरे ती मुंबई आहे, तिथल्या जमिनीला भाव आहे. धरणाच्या तळाला टक्के कसे मागणार? मला हे पटत नाही. तळाला नाही मागता येत, पण ज्या शेतांना पाणी मिळालं त्यांचा भाव वाढलाच होता. त्या लाभक्षेत्रातली थोडी थोडी जमीन घेऊन धरणग्रस्तांना द्यायची, हे तत्त्व महाराष्ट्रानं 1976 च्या पुनर्वसन कायद्यात आणलंही. आमचं धरण त्याच्या आधी झालं. म्हणजे कल्पना अशक्य नव्हती. आमच्याकडे ती मागायला कुणी उभं राहिलं नाही. आणि मुख्य म्हणजे आम्हीही कुणी उभे राहिलो नाही.

उलव्याकडे सगळं गोडच झालं असं मात्र समजू नका. साडेबारा टक्के मिळाले ते ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला. कोळ्याची खाडी कुठल्या सातबाऱ्यावर असते? बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्यातल्या लोकांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं, तर तिथली घरं वाळवीनं खाल्ली. बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं, पण बंदरग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं वाटली गेली ती ऑगस्ट 2014 मध्ये. पंचवीस वर्षं! मधल्या काळात कुटुंबं वाढली, मुलांनी गावठाणाबाहेर खोल्या काढल्या आणि ती बांधकामं बेकायदा ठरली. 'गरजेपोटी बांधलेली घरं' असा शब्दच तिकडे रूढ झाला. भूखंड हाती येण्याआधीच त्याची फाईल दलालाला विकून मोकळे झालेलेही बरेच. आमच्या गृहस्थांच्या एका भावानं तेच केलं, तो विषय निघाला की ते खुर्ची उचलून उन्हात नेतात.

दि. बा. उतारवयात शेकाप सोडून शिवसेनेत गेले. त्याबद्दल जुने कार्यकर्ते अजून कुरकुरतात, आणि मला ती कुरकुर रास्त वाटते. 24 जून 2013 ला ते गेले. 2021 साली विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून हजारो लोकांनी मानवी साखळी केली, आणि 2022 मध्ये विधिमंडळानं तसा ठराव केला. विमानतळासाठी ज्या गावांची जमीन गेली त्यांना साडेबाराऐवजी साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज ठरलं होतं. नावाच्या लढ्यापेक्षा मला हा आकडा मोठा वाटतो. 1984 चे दोन दिवस नसते तर तो कुणाच्या डोक्यात आला असता?

निघायच्या आदल्या दिवशी नातवाला घेऊन खाली गेलो. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा त्याला म्हणालो, इथं बांध होता. तो म्हणाला, "बांध म्हणजे?" त्याला उघाडीपासून सगळं सांगत बसलो, आणि लिफ्ट दोनदा वर जाऊन आली. मग त्यानं विचारलं, "आबा, आपलं शेत कुठंय?" मी म्हणालो, उन्हाळ्यात ये, पाणी उतरलं की दाखवतो.

तर भावकीतल्या मंडळींना एक विनंती. सिद्धेश्वरच्या वेळचा निवाडा, नोटीस, पावती, काहीही कागद कुणाच्या ट्रंकेत असेल तर कळवा. आपल्या अकरा एकरांचे नेमके किती दिले ते मला एकदा बघायचं आहे. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करीन.